आतड्यातले दार आणि वस्तीवरचा नळ

पावसाळा तोंडावर आला की वर्तमानपत्रांत चार ओळींच्या बातम्या सुरू होतात. अमुक गावात अतिसाराची लागण, इतके रुग्ण दवाखान्यात, पाण्याचे नमुने तपासणीला पाठवले, परिस्थिती नियंत्रणात. नमुन्यांचे पुढे काय झाले, ही पाचवी ओळ कधी छापून येत नाही. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या वस्त्यांवर आरोग्याचे काम करताना आम्ही अशा बातम्यांचा माग काढत गावात गेलो आहोत. तिथे पुष्कळदा एकच नकाशा दिसतो. पाण्याची टाकी गावठाणात, जलवाहिनीचे शेवटचे टोक बौद्धवाडीत किंवा मातंग वस्तीत, आणि उलटी-जुलाबाची माणसे त्या शेवटच्या टोकाला.

आणि बोलणेही ठरलेलेच असते. “या लोकांना स्वच्छता माहीत नाही.” “काहीतरी शिळेपाके खाल्ले असेल.” आजारी पडलेल्यालाच आरोपी करण्याची ही जुनी रीत आहे. तिला उत्तर द्यायचे तर नुसता संताप पुरत नाही, विज्ञान लागते. म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर आम्ही आतड्यातल्या एका अतिशय लहान गोष्टीबद्दल लिहीत आहोत. तिचे नाव अवघड आहे: ग्वानिलेट सायक्लेज सी. काम मात्र आपल्या रोजच्या जगण्याशी जोडलेले आहे. शरीरातल्या पाण्याचा आणि मिठाचा हिशेब ठेवण्याचे हे काम आहे.

शरीरातला पाणीवाटप

मोठ्या माणसाच्या आतड्यात दिवसभरात सुमारे आठ ते नऊ लिटर पाणी येते. त्यातले दोनेक लिटर आपण अन्नपाण्यातून घेतो. उरलेले शरीरच ओतते: लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा रस आणि आतड्याचा स्वतःचा पाझर. एवढ्या पाण्यातले शौचावाटे बाहेर जाते जेमतेम १०० ते २०० मिलिलिटर. बाकीचे आतडे परत शोषून रक्तात पाठवते.

हा हिशेब रोज बिनचूक जुळतो, कारण आतड्याच्या अस्तरातली प्रत्येक पेशी सतत दोन कामे करत असते. ती मीठ आत ओढते आणि थोडे मीठ बाहेर सोडते. जिकडे मीठ जाते तिकडे पाणी जाते. मीठ आत गेले तर पाणी रक्तात येते, मीठ बाहेर गेले तर पाणी आतड्याच्या पोकळीत उतरते.

किती ओढायचे आणि किती सोडायचे हे ठरवण्यात पेशीच्या पटलावर बसलेल्या काही ग्राहींचा हात असतो. ग्राही म्हणजे निरोप घेणारा रेणू. ग्वानिलेट सायक्लेज सी ही अशीच एक ग्राही. तिचे एक टोक पेशीबाहेर, आतड्याच्या पोकळीकडे तोंड करून असते आणि दुसरे टोक पेशीच्या आत. ती दारावरच्या कुलपासारखी आहे. तिची किल्ली शरीरच तयार करते. ग्वानिलिन आणि युरोग्वानिलिन ही त्या दोन किल्ल्यांची नावे. किल्ली बसली की आतल्या टोकाला सायक्लिक जीएमपी नावाचा रेणू तयार होऊ लागतो. तो पेशीला दोन हुकूम देतो: क्लोराइड बाहेर जाण्याचा दरवाजा उघड आणि सोडियम आत घेण्याचा एक दरवाजा बंद कर. क्लोराइड बाहेर पडते, सोडियम बाहेरच राहते आणि त्यांच्या मागे पाणी आतड्यात उतरते.

निरोगी शरीरात हे अगदी मोजून होते. अन्न पुढे सरकायला ओलावा हवा, तेवढाच पाझर. शरीराच्या किल्ल्या थोडा वेळ काम करतात, मग पाचक रसांत तुटून जातात. दार उघडते आणि मिटते.

बनावट किल्ली

ई. कोलाय नावाचे जंतू माणसाच्या आतड्यात नेहमीच असतात आणि त्यांतले बहुतेक निरुपद्रवी असतात. पण त्यांतलीच एक जात विष तयार करते. हे विष उकळत्या पाण्याच्या उष्णतेतही टिकते, म्हणून त्याला उष्णता-स्थिर विष म्हणतात. विषाचा आकार शरीराच्या किल्लीसारखाच असतो, पण त्याची बांधणी जास्त घट्ट असते. ते कुलपात बसते आणि लवकर तुटत नाही. दार उघडे ते उघडेच राहते. आठ-नऊ लिटरचा हिशेब कोलमडतो आणि काही तासांत माणसाच्या अंगातले पाणी आतड्यावाटे वाहून जाते.

विज्ञानात ही गोष्ट उलट्या क्रमाने उलगडली. या विषाचा शोध घेताना आधी कुलूप सापडले आणि शरीराची स्वतःची किल्ली, ग्वानिलिन, पुढे १९९२ मध्ये मिळाली. आपल्या देशातही या ग्राहीवर मोठे काम झाले आहे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत डॉ. संध्या विश्वेश्वरय्या यांनी अनेक वर्षे तिचा अभ्यास केला. आपल्या मुलींना शास्त्रज्ञांची नावे सांगताना हे नाव आवर्जून सांगावे.

दोन गोष्टी इथे नीट लक्षात घ्याव्यात. पहिली अशी की या ग्राहींची संख्या तान्ह्या बाळाच्या आतड्यात मोठ्या माणसापेक्षा जास्त असते. त्याच विषाचा तडाखा बाळाला म्हणून जास्त बसतो, आणि बाळाच्या अंगात पाण्याचा साठा मुळातच थोडा. आफ्रिका आणि दक्षिण आशियातल्या सात ठिकाणी, त्यात आपले कोलकाताही होते, लहान मुलांच्या अतिसाराची मोठी पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. मध्यम ते तीव्र अतिसाराच्या पहिल्या चार कारणांत हे विष सोडणारा ई. कोलाय होता. त्याच्या जोडीला रोटाव्हायरस, क्रिप्टोस्पोरिडियम आणि शिगेला. रोटाव्हायरसची लस आज सरकारी लसीकरणात मोफत मिळते, ती बाळाला द्यायचीच. या ई. कोलायविरुद्ध मात्र आपल्या लसीकरणात खास अशी लस नाही. इथे बचाव एकच, स्वच्छ पाणी.

दुसरी गोष्ट नॉर्वेची. तिथल्या एका कुटुंबातल्या ३२ जणांना जन्मापासून पातळ शौचाचा त्रास होता. २०१२ मध्ये त्याचे कारण प्रसिद्ध झाले. त्यांच्यात या ग्राहीच्या जनुकातच बदल होता आणि कुलूप जरुरीपेक्षा जास्त उघडत होते. सधन, स्वच्छ देशातले हे कुटुंब. जुलाब हा संस्कारांचा किंवा ‘सवयींचा’ निकाल नसतो, तो रेणूंचा व्यवहार असतो. ही ग्राही आमदाराच्या आतड्यात आहे आणि ऊसतोड मजुराच्या आतड्यातही आहे, अगदी तशीच. तिला जात कळत नाही. बनावट किल्ली कुणाच्या पेल्यात पडणार, हे मात्र गावाची जलवाहिनी ठरवते. आमच्या सगळ्या म्हणण्याचे सार एवढेच आहे.

दुसरे दार उघडेच असते

आता दिलासा देणारी गोष्ट. विषाने एक दार उघडे पाडले आणि मीठ ओढण्याचा एक मार्ग बंद केला, तरी पेशीवर आणखी एक मार्ग शाबूत असतो. त्या मार्गाने साखर आणि मीठ हात धरून एकत्र आत जातात. नुसते मीठ दिले तर ते अडते. सोबत ग्लुकोज असले तर दोन्ही आत जातात आणि मागोमाग पाणीही. पटकीतसुद्धा हा मार्ग चालू राहतो.

ओआरएस म्हणजे याच दाराचा उपयोग. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार एक लिटर पाण्यात १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट. हे प्रमाण मोजूनमापून ठरले आहे. साखर जास्त झाली तर ती उलट पाणी आतड्यात ओढते आणि जुलाब वाढतात.

या ज्ञानाचा इतिहास आपल्याच उपखंडातला आहे. पटकीचा जंतू विष सोडतो आणि त्या विषामुळे आतड्यात पाणी भरते, हे कोलकात्याच्या डॉ. शंभूनाथ डे यांनी १९५९ मध्ये दाखवले. १९७१ मध्ये बांगलादेश युद्धाच्या वेळी लाखो निर्वासित सीमा ओलांडून आले. बनगाव इथल्या छावणीत पटकी पसरली, सलाइन संपले आणि माणसे जमिनीवर पडून मरू लागली. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा यांची पाकिटे करवून घेतली, ते पाणी पिंपांत भरून ठेवले आणि रुग्णांच्या नातेवाइकांच्या हाती पेले दिले. आयांनी, भावांनी, मुलांनी आपापल्या माणसाला पाजले. शंभरात सुमारे तीस जण दगावत होते तिथे हे प्रमाण चाराच्या खाली आले. १९७८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने साखर-मिठाच्या या शोधाला शतकातला कदाचित सर्वांत महत्त्वाचा वैद्यकीय शोध म्हटले. महालनबीस २०२२ मध्ये गेले आणि पद्मविभूषण त्यांना मरणोत्तर, २०२३ मध्ये मिळाले.

आम्हाला या इतिहासात सर्वांत मोलाचे वाटते ते हे की जीव वाचवणारे ज्ञान डॉक्टरांच्या टेबलावरून उतरून जमिनीवर बसलेल्या आईच्या हातात गेले आणि तिने ते बरोबर वापरले.

बाटलीचा बाजार

आणि आज? वस्तीवर कुणाला चार जुलाब झाले की घरचे पहिला शब्द उच्चारतात, “सलाइन लावा.” खासगी दवाखान्यात पलंगावर झोपवून बाटली चढवली की उपचार झाल्यासारखे वाटते. हजार-दीड हजार रुपये जातात, मजुरी बुडते. आमच्यातल्या ज्यांनी वर्षानुवर्षे वॉर्डात बाटल्या लावल्या आहेत त्या ठामपणे सांगतात की साध्या नॉर्मल सलाइनमध्ये मीठ आणि पाणी असते. त्यात ना साखर, ना पोटॅशियम. ज्याला पिता येत नाही, जो ग्लानीत गेला आहे, ज्याची नाडी मंद लागते आहे, त्याचा जीव शिरेतून दिलेल्या द्रवाने वाचतो आणि तिथे क्षणभरही थांबू नये. पण ज्याला पिता येते त्याच्यासाठी आशाताईकडे, अंगणवाडीत आणि उपकेंद्रात मोफत मिळणारे पाकीट बाटलीपेक्षा सरस आहे.

दुसरा बाजार खोक्यांचा. फळांच्या चवीची गोड पेये औषधांच्या दुकानात ओआरएसच्या नावाशी मिळतीजुळती नावे लावून विकली जात होती. त्यांत साखर भरपूर आणि मीठ अपुरे. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी याविरुद्ध अनेक वर्षे झगडा दिला. अखेर २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांवर ‘ओआरएस’ हा शब्द वापरण्यास मनाई केली. एक बाई चिकाटीने उभी राहिली की काय होते याचा हा ताजा दाखला. तरी दुकानात पाकिटाच्या पाठीमागचा मजकूर वाचूनच घ्या. त्यावर जागतिक आरोग्य संघटनेचे सूत्र असल्याचे लिहिलेले असले पाहिजे.

घरात काय करायचे

पाकीट एक लिटरचे की २०० मिलिलिटरचे ते आधी पाहा आणि सगळे पाकीट तेवढ्याच पाण्यात एकदम कालवा. अर्धे आज, अर्धे उद्या असे करू नका. पाणी उकळून गार केलेले असावे. तयार पाणी झाकून ठेवा आणि २४ तासांनी उरलेले ओतून द्या.

पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात साखरेचे सहा सपाट चमचे आणि मिठाचा अर्धा सपाट चमचा. चमचा चहाचा, बोटाने सपाट केलेला. पाणी चाखून पाहा. ते डोळ्यांतल्या अश्रूंपेक्षा खारट लागता कामा नये.

दोन वर्षांच्या आतल्या बाळाला प्रत्येक पातळ शौचानंतर ५० ते १०० मिलिलिटर, चमच्या-चमच्याने. दोन ते दहा वर्षांच्या मुलाला १०० ते २०० मिलिलिटर. मोठ्या माणसाने हवे तेवढे प्यावे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबा आणि पुन्हा हळूहळू सुरू करा.

अंगावरचे दूध बंद करू नका. मोठ्या मुलाला पेज, मऊ भात, वरण, ताक, केळे द्या. जुलाबात पोट रिकामे ठेवावे ही समजूत मुलाला आणखी अशक्त करते. सोबत झिंक: सहा महिन्यांवरच्या बाळाला रोज २० मिलिग्रॅम, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १० मिलिग्रॅम, पूर्ण १४ दिवस. जुलाब थांबले तरी गोळी थांबवायची नाही. जुलाब बांधून टाकणारी गोळी लहान मुलाला स्वतःच्या मनाने कधीही देऊ नका. प्रत्येक जुलाबाला अँटिबायोटिकही लागत नाही.

शौचात रक्त दिसले तर आजार वेगळा आहे, लगेच दवाखाना गाठा. मूल मलूल झाले, डोळे खोल गेले, रडताना पाणी येत नाही, सहा-आठ तासांत लघवी झाली नाही, पोटाची चिमटीत धरलेली कातडी सोडल्यावर सावकाश जागेवर जाते, किंवा मूल पाणी पिईनासे झाले, तर वेळ घालवू नका. वाटेतही ओआरएस पाजत राहा.

पाण्याचा प्रश्न आपल्याला नवा नाही

इथवर जे लिहिले ते कोणत्याही आरोग्याच्या पानावर येईल. पण आपल्या मासिकाने इथे थांबता कामा नये. जुलाब झालेल्या मुलाला ओआरएस पाजून आपण जीव वाचवू, पण दुसऱ्या दिवशी त्याच नळाचे पाणी त्याच्या पेल्यात असेल.

बाबासाहेबांचे बालपण सातारला गेले. माता भीमाबाईंचे निधन तिथेच झाले आणि ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेबांनी तिथल्या सरकारी शाळेत पाऊल ठेवले. पुढच्याच वर्षी, १९०१ मध्ये, लहानगा भीम, त्याचा भाऊ आणि भाचे वडिलांना भेटायला खटाव तालुक्यातल्या गोरेगावला निघाले. ते मसूर स्थानकावर उतरले. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत त्यांनी तो बैलगाडीचा प्रवास सांगितला आहे. डब्यात जेवण होते, पण पाणी नव्हते. एके ठिकाणी पाणी म्हणून दाखवले गेले ते बैलांच्या शेणा-मुताने गढूळ झालेले डबके होते. टोलनाक्यावर मागितले तर मिळाले नाही. जेवण सोबत असून ती मुले उपाशी झोपली. डबके कुणाला दाखवायचे आणि स्वच्छ पाणी कुणाला द्यायचे, हे तिथे जातीने ठरवले होते.

मग २० मार्च १९२७. महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी हजारो लोकांसह पाणी प्राशन केले. त्यानंतर सनातन्यांनी तळ्याची ‘शुद्धी’ केली. १०८ घागरींतून शेण, गोमूत्र, दूध, दही तळ्यात ओतले. आम्ही आरोग्याची माणसे म्हणून विचारतो की पिण्याच्या पाण्यात शेण टाकले तर ते शुद्ध होते की दूषित? जंतुशास्त्राच्या कोणत्याही कसोटीवर तळे माणसांच्या ओंजळीने बाटले नव्हते. ते खराब झाले असेल तर त्या शुद्धीने.

आज तळ्यावर कुणी अडवत नाही, पण भेद जमिनीखालून चालतो. शेवटच्या टोकाला पाणी कमी दाबाने आणि कमी वेळ येते. पाणी बंद असते तेव्हा वाहिनीतला दाब उतरतो आणि फुटक्या जोडातून गटाराचे पाणी आत शोषले जाते. नळाला पाणी सुटले की तेच पहिल्यांदा हंड्यात पडते. टाकीत घातलेले क्लोरिन वाटेत खर्ची पडते आणि शेवटच्या नळापर्यंत उरत नाही. टाकीजवळची तपासणी चांगली येते, कागद हिरवा होतो, आणि टोकाचे मूल आजारी पडते. यात कुणी उघड शिवी दिलेली नसते, तरी निकाल जुनाच लागतो.

सांगलीच्या पुराने हे सर्वांना दाखवले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली. तिथे ४५ फूट ही धोक्याची पातळी मानतात. २०२१ च्या जुलैत ती पुन्हा ५० फुटांच्या पुढे गेली. विहिरी, कूपनलिका, शौचालये, उकिरडे सारे एका पाण्यात मिसळले. पूर ओसरल्यावर आधी कुणाची विहीर उपसली जाते आणि कुणाची राहते, हे ज्याने त्याने आपापल्या गावात आठवून पाहावे. दुसऱ्या टोकाला माण, खटाव, जत, आटपाडी. तिथे टँकरची वाट पाहावी लागते आणि टँकरचे पाणी कुठल्या विहिरीतले हे विचारण्याची सोय नसते. आणि हंगामात कारखान्यांच्या परिसरात उतरणारे ऊसतोड मजूर तर कोणत्याच ग्रामपंचायतीच्या यादीत नसतात. कोपीतल्या बाळाला कालव्याचे पाणी मिळते.

आमच्या मागण्या

मागण्या मोठ्या नाहीत. बहुतेकांची तरतूद आधीच आहे, अंमल नाही.

एक: क्लोरिनची तपासणी, जिला गावात ओटी टेस्ट म्हणतात, ती टाकीजवळ नव्हे तर वस्तीच्या शेवटच्या नळावर व्हावी. थेंब टाकल्यावर पाणी पिवळसर झाले पाहिजे. प्रमाण लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम. निकाल तारखेसह वस्तीतल्या विहाराच्या किंवा समाजमंदिराच्या फळ्यावर लिहावा. जलसुरक्षकाने तपासणी करताना वस्तीतली एक स्त्री सोबत असावी.

दोन: टीसीएल पावडर कोरड्या, बंद जागी ठेवावी. उघड्या पोत्यात ती दमट होऊन निकामी होते आणि मग पाण्यात टाकली काय, न टाकली काय, सारखेच. पावडर कधी आली आणि कधी वापरली, ही नोंद ग्रामसभेपुढे यावी.

तीन: गावाला मिळालेले हिरवे, पिवळे की लाल कार्ड ग्रामसभेत वाचून दाखवावे. ते देताना आपल्या वस्तीचा स्रोत तपासला होता का, हे विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे.

चार: ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीत आपल्या वस्तीची स्त्री असावी, नुसत्या सहीपुरती नव्हे. समितीच्या निधीचा हिशेब तिने मागावा.

पाच: ऊसतोड मजुरांच्या प्रत्येक तळावर क्लोरिन घातलेले पाणी आणि ओआरएस-झिंक देण्याची जबाबदारी कारखान्याने आणि आरोग्य खात्याने मिळून घ्यावी.

सहा: साथ आल्यावर पाण्याच्या नमुन्याचा अहवाल लेखी मिळावा. मिळाला नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करावा. ती न छापली जाणारी पाचवी ओळ आपणच लिहून घ्यायची आहे.

आणि आपल्या हातातले एक काम. येत्या वर्षावासात प्रत्येक विहारात एक रविवार ओआरएस कालवून दाखवण्यासाठी राखावा. ग्रंथवाचनानंतर अर्धा तास पुरेल. एक लिटरची बाटली, पाकीट, चमचा, एवढेच साहित्य. उपासिकांनी दाखवावे, तरुणांनी शिकावे. वडीलधाऱ्यांनी घरी जाऊन सुनेला सांगण्याऐवजी स्वतः कालवून पाहावे.

विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग येतो. एक भिक्खू अतिसाराने आजारी, आपल्याच घाणीत पडलेला. कुणी जवळ जात नाही, कारण तो इतरांच्या काही उपयोगाचा उरला नव्हता. तथागतांनी आनंदाकडून पाणी आणवले आणि दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून स्वच्छ अंथरुणावर ठेवले. मग संघ बोलावून सांगितले की रुग्णाची सेवा ती माझीच सेवा. त्या प्रसंगात बुद्धांनी भिक्खूला उपदेश केला नाही, त्याच्या कर्माची चर्चा केली नाही, त्याच्या स्वच्छतेच्या सवयी काढल्या नाहीत. त्यांनी आधी पाणी आणवले आणि मग न सांभाळणाऱ्या संघाला जाब विचारला.

आपल्यालाही या पावसाळ्यात याच क्रमाने जायचे आहे. आजाऱ्याला आधी पाणी, मीठ आणि साखर. मग गावाला जाब.

जयभीम.